दक्षिणद्वार सोहळा – आईला वाडीला नेमकं कधी न्यावं?

कळव्याची_लेक
श्री गुरुदेव दत्त. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आई ७३ वर्षांची आहे. तिचं माहेर औरवाड, म्हणजे नरसोबाच्या वाडीच्या अगदी समोर, मधे फक्त कृष्णा. लहानपणी नावेतून पलीकडे जाऊन दर्शन घेऊन यायची, पौर्णिमेला तर ठरलेलंच. पण दक्षिणद्वाराचं स्नान तिला आयुष्यात एकदाही मिळालं नाही. कारण सोपं आहे, दक्षिणद्वार व्हायला पूर यावा लागतो आणि पूर आला की नाव बंद. मग सगळ्या पोरी काठावर उभ्या राहून पलीकडचे दिवे बघायच्या, वारा इकडचा असला तर घंटा ऐकू यायची म्हणते. १९७४ ला लग्न होऊन कळव्याला आली, पुढे आमची शाळा, बाबांची नोकरी, सासूबाईंचं आजारपण, वाडीला जाणं व्हायचं पण नेहमी दिवाळीत नाहीतर मे महिन्यात, तेव्हा नदी घाटाच्या खाली शांत असते.

गेली चार वर्षं जुलै लागला की आई टीव्हीवर कोयना किती भरली ते बघत बसते. आम्ही निघायचं ठरवतो तोवर पाणी उतरलेलं असतं नाहीतर रस्ताच बंद. यंदा गुडघे फार दुखतायत, पुढच्या वर्षी जमेलच असं तिला स्वतःलाच वाटत नाहीये. ज्यांनी हे स्नान केलंय त्यांनी प्लीज सांगा, ठाण्याहून वेळ कशी साधायची? आणि एवढ्या वयाच्या बाईला पाण्यात उतरवणं कितपत बरोबर आहे?

घोडबंदरकर
ताई, कधी होईल ते आधी कोणीच सांगू शकत नाही, ऑफिसच्या सुट्टीत बसवायला गेलात तर जमणारच नाही. बॅग भरून ठेवा आणि निरोप आला की निघा. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा हुकलं.

वर्तकनगर_४
अज्ञानाबद्दल माफी, पण दक्षिणद्वार म्हणजे नेमकं काय? मी वाडीला एकदाच गेलोय, मला तर देवळात मूर्तीच दिसली नाही, चांदीच्या चौकटीतून आत बघायचं एवढंच आठवतंय.

कुरुंदवाड_नेरुळ
माझं गाव कुरुंदवाड, आता नेरुळला असतो. सविस्तर लिहितो, जरा लांब होईल.

वाडीचं देऊळ कृष्णेच्या पश्चिम काठावर, घाटातच आहे. बाकीची देवळं उंचावर असतात नदी खाली असते, इथं देवच नदीजवळ खाली बसलाय आणि गाव वर आहे. तिथंच पंचगंगा येऊन कृष्णेला मिळते. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. आत मूर्ती नाही, पादुका आहेत, मनोहर पादुका म्हणतात त्यांना. पाणी चढत चढत घाटाच्या पायऱ्या गिळतं, मग मंडपात येतं, मग उत्तरेच्या बाजूनं गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहत जातं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दाराशी उभं राहून त्या पाण्यात स्नान करायचं, तोच दक्षिणद्वार सोहळा. पादुकांवरून आलेलं पाणी म्हणजे आमच्याकडं तीर्थच.

आता वेळेचं. पाणी नेमक्या उंचीला असेल तेवढाच वेळ सोहळा असतो. कमी असलं तर पादुकांपर्यंत पोचत नाही, जास्त झालं तर दारच बुडतं, मग कुठलं स्नान, लांबूनच हात जोडायचे. जोरात चढत असेल तर काही तासांत खेळ संपतो, आणि पाणी रात्र बघत नाही दिवस बघत नाही, मध्यरात्री सुद्धा होतं. एकच चांगलं आहे, चढताना होतं तसं उतरताना पण होतं. चढता दक्षिणद्वार आणि उतरता दक्षिणद्वार असं गावात म्हणतात. चढता हुकला तरी आशा सोडायची नाही.

बघायचं काय ते सांगतो. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी रोज जाहीर होते, ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत, ते उघडले की भोगावती वाढते आणि पंचगंगा पण. कृष्णेकडनं कोयना बघा, १०५ टीएमसीचं धरण आहे, पण तिथला विसर्ग सांगलीला आणि वाडीला यायला वेळ लागतो. वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते तेव्हा वारणेवरच्या चांदोली धरणावर पण लक्ष ठेवा. कृष्णा आधीच भरलेली असली आणि त्यात पंचगंगा आली की पाण्याला फूग येते, पुढं सरकायला जागा नसते, मग वाडीत पाणी चढतं. म्हणून नुसता आपल्या ठाण्यातला पाऊस बघून अंदाज करू नका, इथं लोकल बंद पडल्या तरी तिकडं ऊन असू शकतं.

वयाबद्दल – पाण्यात उतरवू शकता पण घाटाच्या मधल्या भागात अजिबात नाही, आणि देवस्थानची माणसं नको म्हणाली तर नकोच. पायऱ्यांना शेवाळ असतं, त्यावर पुराचा गाळ. चप्पल घालायची नाही पण पायमोजे घाला, पकड चांगली राहते, आमच्या आजीचा उपाय आहे.

सानपाड्याची_सून
कुरुंदवाड_नेरुळ, किती छान सांगितलंत! वाचनखूण साठवली.

माझा अनुभव सांगते. सासूबाईंना घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने गेलो होतो, कल्याणला बसलो, सकाळी जयसिंगपूरला उतरलो, तिथून वाडी जवळ आहे. पोचलो तर पाणी इतकं चढलेलं की देवळाचा फक्त वरचा भाग दिसत होता. मी तर रडवेली झाले. मग एका पुजारीकाकांनी वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेलं. पाणी गाभाऱ्यात यायला लागलं की उत्सवमूर्ती तिथे वर आणतात आणि पूजा, आरती, नैवेद्य सगळं तिथेच चालू राहतं, एक दिवससुद्धा खंड नाही. सासूबाई तिथे दोन तास बसल्या आणि म्हणाल्या की देव स्वतः वर चालत आलाय आपल्यासाठी, अजून काय पाहिजे. म्हणून ताई, आईंना आधीच सांगून ठेवा की स्नान नाही मिळालं तरी दर्शन मिळणारच आहे.

भक्तनिवासात आधी फोन करून ठेवा, त्या दिवसांत गर्दी खूप. आणि येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी, ही बर्फी मी तरी दुसरीकडे कुठे खाल्ली नाहीये.

जुना_नौपाडा
वर्तकनगर_४ यांनी मूर्तीचं विचारलं म्हणून थोडं लिहितो, दत्त संप्रदायात घरी तीन पिढ्या झाल्या.

दत्ताचा अवतार मानले जाणारे नृसिंहसरस्वती मूळचे विदर्भातल्या कारंज्याचे. फिरत फिरत कृष्णाकाठी आले, भिलवडीजवळ औदुंबरला एक चातुर्मास केला, मग वाडीला १२ वर्षं राहिले, तिथून गाणगापूरला गेले. निघताना पादुका ठेवून गेले. औदुंबरच्या त्या विमल पादुका, वाडीच्या मनोहर आणि गाणगापूरच्या निर्गुण. वाडीला ते राहिले तेव्हा तिथे गाव नव्हतं, नदीकाठची झाडी आणि औदुंबर. भिक्षेला पलीकडे अमरापूरला जायचे, आणि ताई, ते अमरापूर म्हणजेच तुमच्या आईचं औरवाड! गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात त्या गावच्या गरीब ब्राह्मणाची गोष्ट आहे. घरात काहीच नाही म्हणून त्या बाईने दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगांची भाजी करून वाढली, स्वामींनी जेवून जाताना तो वेलच उपटून टाकला, बाई रडायला लागली, आणि मग नवऱ्याने मूळ खणलं तर खाली द्रव्याचा हंडा. आमच्या आजीचा हा आवडता अध्याय. ती म्हणायची, हंडा राहू दे, घरात होतं नव्हतं ते त्या बाईने वाढलं ते बघ.

देवळाला नेहमीसारखं शिखर नाही हे कोणी पाहिलंय का? परंपरा अशी सांगतात की विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, वाडीला नवस बोलल्यावर ती परत आली आणि मग बादशहाने देऊळ बांधून दिलं, म्हणून बांधणी थोडी मशिदीसारखी वाटते. दत्तसंप्रदायातले संत टेंबेस्वामी, त्यांचाही वाडीशी फार जवळचा संबंध, करुणात्रिपदी ही दत्ताची प्रार्थना त्यांनी वाडीलाच रचली. आमच्याकडे रोज संध्याकाळी म्हणतात.

वर्तकनगर_४
खूप आभार. मी तिथे घाईत पाच मिनिटं थांबून कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर करतात तशी खरेदी करून निघालो होतो, आता वाईट वाटतंय. परत जाणार.

शिरोळ_ते_कामोठे
सगळ्यांचं वाचलं. बोलू का नको असं करत दोन दिवस गेले, शेवटी लिहितोय, राग मानू नका.

माझं घर शिरोळ तालुक्यातलं, नदीपासून लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलेली पातळी, आमच्या आज्ज्यानं सुद्धा तसं कधी बघितलं नव्हतं. मी तेव्हा कामोठ्याला, आईबाबा तिकडं, फोन लागत नव्हता, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, जायला रस्ताच नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की जयसिंगपूरला एका शाळेत आहेत. बाबांनी म्हशींची दावी कापून त्यांना सोडून दिलं होतं, बांधून ठेवल्या असत्या तर जागेवर मेल्या असत्या, म्हणून. एक परत आली, एक नाही. पाणी उतरल्यावर घरात गेलो तेव्हाचा तो वास अजून नाकात आहे, गाळ, सडलेलं धान्य. लग्नाचा अल्बम एक गठ्ठा झालेला. २०२१ च्या जुलैमध्ये परत तेच.

आम्ही पण दत्ताचंच करतो, माझी आई गुरुवार सोडत नाही. पण इथं "यंदा पाणी कधी येणार" असं लोक लिहितात तेव्हा पोटात गोळा येतो. तुम्हाला जे पाणी हवं आहे तेच आमच्या दारात येतं. एवढंच सांगायचं होतं.

घोडबंदरकर
खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९ वरून ५२४ मीटर करायचं चाललंय, ते झालं तर काय होईल?

शिरोळ_ते_कामोठे
त्याला आमच्याकडं विरोध आहेच, मोर्चे झालेत. पण तो वाद मोठा आहे, ताईंच्या धाग्यात नको.

कळव्याची_लेक
शिरोळ_ते_कामोठे दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी तुमची पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, आमच्या परसात पाणी यायचं तेव्हा माझी आई उंबऱ्यावर हळदकुंकू वाहून नदीची ओटी भरायची आणि म्हणायची, आलीस, पाहुणचार घे आणि आता माघारी जा. ये असं कधी म्हणाली नाही. तिने मला विचारलं की मी इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून काय मागत होते गं? मला उत्तर देता आलं नाही.

आता ती म्हणते की पाण्याची वाट बघायची नाही. आपण आपली तारीख ठरवून जायचं, देव जिथे असेल तिथे, खाली असेल तर खाली, वर असेल तर वर. भावाला पुढच्या शनिवारी सुट्टी आहे, त्याच्या गाडीने निघतोय.

जुना_नौपाडा
हे फार आवडलं. जमलं तर परत निघण्याआधी खिद्रापूर बघा, पण रस्ता चालू असेल तरच, तेही कृष्णाकाठीच आहे. कोपेश्वराचं देऊळ, ४८ खांबांचा स्वर्गमंडप, वर छताला गोल मोकळं आकाश. शिवाचं देऊळ असून नंदी नाही, नंदी पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे. ते शिलाहार राजांचं, आणि आपलं ठाणं म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहारांचं श्रीस्थानक. मासुंदा तलावाच्या काठी आपला कौपिनेश्वर आणि तिकडे कोपेश्वर, मला प्रत्येक वेळी तिथे उभं राहिलं की घरचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

कुरुंदवाड_नेरुळ
ताई, रस्त्याचं – एक्सप्रेसवे, सातारा, कराड, पेठ नाक्याला डावीकडं आत, इस्लामपूर, आष्टा, सांगली, जयसिंगपूर, शिरोळ. आणि एक सांगतो, मॅपवर विश्वास ठेवू नका, पुरात मॅप पाण्यातनं रस्ता दाखवतो. वाशी मार्केटला पहाटे सांगली-कोल्हापूरच्या भाजीच्या गाड्या येतात, माझे दोन माथाडी मित्र आहेत तिथं, ड्रायव्हर रात्रभर त्याच रस्त्यानं आलेले असतात, त्यांच्याइतकी पक्की बातमी कुणाकडं नसते. शुक्रवारी पहाटे विचारून इथं टाकतो.

कुरुंदवाड_नेरुळ
शुक्रवार सकाळ. सांगली, जयसिंगपूर, शिरोळ चालू आहे. पाणी वाढतंय पण सावकाश. कुरुंदवाडकडनं जाऊ नका. पाणी गाभाऱ्याला लागलंय, मूर्ती काल रात्री वर आणली. निघा.

कळव्याची_लेक
परत आलो. दोन दिवस लिहायला वेळच मिळाला नाही, आता सगळं सांगते.

शनिवारी दुपारी पोचलो. आईने गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा नदीकडे बघितलं, नंतर देवळाकडे. पाणी चॉकलेटी, मधे मधे जलपर्णीचे मोठे पुंजके आणि एक आख्खं झाड वाहत चाललेलं, आवाज मात्र जवळजवळ नाही, मला वाटायचं पूर म्हणजे गर्जना. वर नारायणस्वामींच्या मंदिरात दर्शन झालं, अगदी शांत झालं. आई म्हणाली झालं माझं, आता उद्या सकाळी निघू.

रात्री अडीचला भक्तनिवासात खालून कोणीतरी ओरडलं, दक्षिणद्वार सुरू झालंय. आम्ही आईला काही विचारायच्या आत ती पदर खोचून दारात उभी! पायमोजे घातले, नेरुळच्या दादांच्या आजींना मनापासून नमस्कार. खाली दोर बांधलेले, बायकांची रांग वेगळी, गावातल्या दोन मुली दोराला धरून उभ्या होत्या आणि प्रत्येकीला हात देऊन घेत होत्या. माझ्या आईला त्यांनी दोन्ही बाजूंनी धरलं आणि गुडघ्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. पाणी थंड नव्हतं, मला थंड असेल असं वाटलेलं. आईने तीन ओंजळी डोक्यावर घेतल्या. आणि मग ती दाराकडे न बघता मागे वळली आणि नदीच्या पलीकडे बघायला लागली. पलीकडे औरवाडचे दिवे दिसत होते, चार-पाचच. त्या मुली म्हणाल्या आजी चला, मागे रांग आहे. आई म्हणाली, एक मिनिट थांब गं, मी तिथून इकडं बघायचे. त्या मुली थांबल्या. मागच्या बायकाही काही बोलल्या नाहीत.

वर आल्यावर तिने त्या मुलींना त्यांचं घर कुठे, पाणी किती लांब आहे, जनावरं हलवली का ते सगळं विचारलं. एकीच्या घरच्यांनी दुपारीच सामान माळ्यावर टाकलं होतं आणि ती रात्री इथे दोर धरून उभी होती. शिरोळ_ते_कामोठे दादा, तेव्हा तुमचीच आठवण झाली.

सकाळी आईला माहेरी जायचं होतं. जुन्या पुलावर पाणी आलेलं, नव्याकडेही पोलिसांनी थांबवलं. म्हणजे लहानपणी पाणी आलं की तिला इकडे येता यायचं नाही आणि आता इकडे आली तर तिकडे जाता येईना. घाटाच्या वरच्या पायरीवर बसून मामेभावाला फोन लावला, तो पलीकडच्या काठावर आला होता, माणूस म्हणून ओळखू येत नव्हता, पांढरा ठिपका फक्त. आईने फोनवर पहिलं विचारलं, परसात पाणी आलंय का? तो म्हणाला अजून चार हात लांब आहे आत्या, म्हशी शाळेजवळ नेल्यात. मग ती रडली. दर्शनाला रडली नव्हती, स्नानाला पण नाही.

ओटीचं सामान तिने घरूनच आणलं होतं, मला माहीतच नव्हतं. खण नारळ हळदकुंकू. पायरीवरूनच वाहिलं.

सानपाड्याची_सून
ताई, वाचताना माझेच डोळे भरले. आईंना नमस्कार सांगा.

घोडबंदरकर
+१. आम्हीही यापुढे तारीख ठरवूनच जाणार.

वर्तकनगर_४
पायमोज्यांची टीप धाग्याच्या वर घेता येईल का, बऱ्याच लोकांना उपयोगी पडेल.

कळव्याची_लेक
हो, ॲडमिनना सांगते. आणि एक विचारायचं होतं, आईला गणपतीच्या आधी औरवाडला चार दिवस राहायला न्यायचंय. मामेभाऊ म्हणतो ये, पण तो काही अडचण असली तरी सांगायचा नाही. तिकडची खरी परिस्थिती कोणाला माहीत आहे का?

शिरोळ_ते_कामोठे
कालच गावाकडनं आलो. औरवाडचा पूल परवा सकाळपासून चालू झालाय, एसटी पण जातेय. नदीकाठच्या मळीतली पिकं गेलीत पण गावात पाणी शिरलं नाही यंदा. आईंना खुशाल न्या. जाताना सांगा, माझी आई म्हणतेय शिरोळला चहाला थांबायचं, दोघींना बोलायला बरंच आहे.